चुन्याखालची जखम

लसुमव्वाशी तुम्ही पहिल्यांदा बोलायला गेलात तर ती तुमच्या तोंडाकडे बघणार नाही, पायांकडे बघेल. नडगी, घोटा, टाच, बोटांच्या बेचक्या, सगळं सावकाश न्याहाळेल, मग मान वर करेल आणि म्हणेल, "बस." मी बिलोलीकडून सीमेपलीकडच्या या तेलुगू गावात सून होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही बाई माझ्या जोडव्यांवर डोळा ठेवून आहे. पुष्कळ दिवस तिच्यासमोर मी पाय लुगड्यात ओढूनच बसत असे. एकदा माझ्या टाचेची भेग चिघळली होती. मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. हिने नुसतं चालताना पाहिलं आणि हाक मारली, "मराठी अक्का, डावी टाच धू आधी, मग पाण्याला जा." तेव्हापासून आमची मैत्री आहे, आणि माझी जोडवीही जागच्या जागी आहेत.

तिच्या या सवयीला कारण तिचा बाप. मुत्यंगौड त्याचं नाव. ताडाला चढणारा, नावाजलेला गौड. एका हंगामात त्याच्या नडगीवर खपली धरली, आणि तिच्याखाली काय शिजत होतं ते कोणी उघडून पाहिलं नाही. त्याने स्वतःही नाही. तसाच चढत राहिला. शेवटी शहरातल्या सरकारी दवाखान्यात गुडघ्याखालून पाय कापला तेव्हा कुठे जीव वाचला. पुढची सगळी वर्षं तो ताडीच्या मांडवात खांबाला टेकून बसला आणि लोकांच्या द्रोणात ताडी ओतत राहिला. वर बघायचा नाही. ज्याची झाडं होती त्याला झाडाकडे बघवत नव्हतं, यापेक्षा आणखी काय सांगू?

लसुमव्वा तेव्हा लग्नाची झाली होती. पाहुणे बघायला आले, अंगणात बसले, पाणी प्याले. पोरीने खाली मान घालून बसायचं सोडून सरळ विचारलं, "पोराचे पाय दाखवा." पाहुण्यांमधले म्हातारे पेटले. असली जिभेची पोरगी आमच्या घरात नको म्हणून उठायला लागले. पण ज्याचं लग्न होतं तो भूमागौड खदखदा हसला, उभा राहिला, आणि धोतर गुडघ्यापर्यंत उचलून सगळ्या बायकांसमोर गोल फिरला. तिथेच जमलं. पाय बघून केलेलं लग्न आहे ते, आणि टिकलंय. तोंडं बघून केलेली कितीतरी मोडताना मी पाहिली आहेत.

गौडांचा मांडव गावाबाहेर ताडांच्या रांगेखाली आहे. सकाळी आणि दिवस कलताना तिथे ताडी उतरते. तिच्याबरोबर तोंडात टाकायला उकडलेले हरभरे, अंडी आणि तळलेल्या मिरच्या मी विकते. पिणाऱ्यांची पुष्कळ तोंडं मी बंद केली आहेत, आणि ती सगळीच हरभऱ्यांनी केली असं नाही. तेव्हा मी जे सांगते ते चुलीपाशी बसून पाहिलेलं आहे.

ताडावर चढणाऱ्याच्या नडग्या हंगामाच्या तोंडाला सोलपटतात. खोड खरबरीत, पाय उघडे, दुसरं काय होणार? मग खपली धरते, जाड होते, आणि तिच्याखालची कातडी घट्ट बनते. खपली धरली की गौड म्हणतात, पाय झाडाचा झाला. ती काढायची नाही, भिजवायचीसुद्धा नाही. ताडी गोड राहावी म्हणून मडक्यांना आतून लावायला चुना हाताशी असतोच, त्याचं एक बोट खपलीवर फिरवायचं. चुन्याने ती दगडासारखी होते. मग संध्याकाळी मांडवात धोतरं वर करून एकमेकांच्या खपल्या बघायच्या. बायका नवी पाटली दाखवतात ना, तसे हे बाप्ये नडग्या दाखवतात. ज्याची खपली मोठी तो मोठा गौड. बापजाद्यांपासून हे चालत आलंय आणि बहुतेकांचे पाय बरेही होतात, म्हणून कोणाला त्यात खोट दिसत नाही. मुत्यंगौडचा पाय गेला त्याला लोक नशीब म्हणाले. लसुमव्वा एकटी चुना म्हणत राहिली.

भूमागौड हा आमच्या गावातला सगळ्यात हलक्या हाताचा गौड. ताडाच्या पोयीचं, म्हणजे फुलोऱ्याच्या दांड्याचं, टोक रोज सकाळ-संध्याकाळ तासावं लागतं, तेव्हा रस गळतो. भूमागौड ते इतकं पातळ तासतो की सुरीवर आलेल्या चकतीतून पलीकडचं दिसावं. त्याच्या झाडांची ताडी लोक वासावरून ओळखतात. जीभ मात्र हाताएवढी हलकी नाही. लसुमव्वाचा धाकटा भाऊ सायागौड, तोही चढणारा. काही वर्षांपूर्वी भूमागौड नात्यातल्या लग्नाला गेला होता तेव्हा मेव्हण्याने त्याची झाडं सांभाळली. त्याचा हात जड पडला, दोन चांगल्या झाडांच्या पोया जाड कापल्या गेल्या आणि त्या आटल्या. भूमागौडने परत येऊन भर मांडवात सांगितलं, "माझा बामर्दी झाड तासत नाही, बकरं कापतो." लोक हसले. बामर्दी म्हणजे बायकोचा भाऊ, त्याची थट्टा करायला आमच्याकडे मुभाच आहे. पण सायागौड हसला नाही. द्रोण पालथा ठेवून उठून गेला, तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच मांडवात बसायचे, एक या खांबाला, दुसरा त्या खांबाला, आणि निरोप माझ्यामार्फत. "मराठी अक्का, त्या खांबाला सांग, त्याची बकरी माझ्या झाडाखाली बांधू नको." मी सांगत नसे. मी काय पोस्टात आहे?

त्या वर्षी उन्हाळा चढत होता आणि ताडी जोरात होती. ताडाच्या झावळीच्या दांड्याला दोन्ही कडांनी करवतीसारखे दाते असतात. वाळलेली एक झावळी उतरताना भूमागौडच्या नडगीवरून घासत गेली. फार खोल नव्हतं. रक्त आलं, थांबलं, खपली धरली, त्याने चुना फिरवला. संध्याकाळी मांडवात सगळ्यांनी वाकून बघितलं. हंगामातली सगळ्यात लांब खपली ठरली ती.

लसुमव्वा आपल्या घरच्या ताडीचं मडकं घेऊन आली होती. तीही वाकली, पण खपलीकडे नाही, खपलीच्या कडेकडे.

"मामा, हे कडेने लाल आहे," ती म्हणाली. इकडे बायको नवऱ्याला मामाच म्हणते, नातं असो नसो.

"घासलंय तर लाल होणारच. हिरवं होईल का?"

"चुना लावू नको. घरी चल, धुऊन बघू."

"बघा हो," भूमागौड मांडवाला म्हणाला, "लग्नाआधी पाय बघितले, अजून हिचं बघणं संपेना."

सगळे हसले. तीही हसली, कारण थट्टेला थट्टा तिला कळते. पण जाताना माझ्या चुलीपाशी थांबून म्हणाली, "आज नुसतं लाल आहे. उद्या परत बघते." आवाजात घाबरल्याची खूण नव्हती. दुधाकडे लक्ष ठेवावं लागतं तसं तिने ते डोळ्यांसमोर ठेवलं, एवढंच.

पुढचे काही दिवस तिने नवऱ्याला नजरेआड होऊ दिलं नाही. सकाळी झाडाखाली मडकी धरायला ती असतेच. भूमागौड उतरताना आधी उजवा पाय टेकवायला लागला, डावा मागून. खाली आला की नेहमी उभ्यानेच विडी पेटवायचा, आता बसायला लागला. खपलीवर माशी बसायची आणि हाकलली तरी परत तिथेच यायची. चुन्याचा थर एका कडेने उचलला होता आणि तिथून पिवळसर पाणी झिरपत होतं. तो ते कोणी पाहायच्या आत पुसायचा आणि वर पुन्हा चुना.

एका सकाळी तो मांडवाकडे येताना मीही पाहिलं. पाय फाकवून चालत होता. लसुमव्वा मागून आली आणि माणसं बसली आहेत नाहीत याची पर्वा न करता म्हणाली, "जांघेत अवधानाची गाठ आलीय तुझ्या."

"काय बोलतेस चारचौघांत?"

"चारचौघांत चालतोयस ना तसा. चौघांनाही दिसतंय." तिने वाकून एक हात त्याच्या डाव्या नडगीवर ठेवला, एक उजव्या. "हा भाजतोय आणि हा गार आहे. अंगात कणकण आहे का?"

"ऊन आहे."

"ऊन एकाच पायाला लागतं होय? वरून कीर्तन, आतून तमाशा चाललाय तुझ्या खपलीत. घरी चल."

भूमागौड गंभीर झाला. थट्टा संपली की तो हट्टाला येतो. "हे बघ," तो हळू म्हणाला, "दवाखान्यात नेशील, ते म्हणतील बसून राहा. मी बसलो तर झाडं कोण करणार?"

या प्रश्नाला आमच्या गावात उत्तर नसतं. पोय एक दिवस तासली नाही तर तिचं तोंड सुकतं, दोन दिवस सोडली तर झाड त्या हंगामापुरतं मिटतं, मग कितीही नवस बोला. वर्षाची भाकरी त्या झाडांवर. भर हंगामात कोणाचे हात रिकामे नसतात. आणि ज्याच्याकडे हक्काने जावं तो मेव्हणा समोरच्या खांबाला पाठ करून बसणारा.

"सायाला सांगते," ती म्हणाली.

"त्याच्या सुरीखाली माझं एक झाड गेलं तर मी परत या मांडवात बसणार नाही. पाय गेला तरी चालेल."

हे वाक्य त्याने कोणासमोर उच्चारलं याचं त्याला भान नव्हतं. लसुमव्वाचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तुझं हरभऱ्याचं मोठं पातेलं घासून दे. आणि मीठ." मग नवऱ्याला म्हणाली, "सकाळचं चढणं झालंय. संध्याकाळपर्यंत तू माझा आहेस. बस त्या बाजेवर."

तो बसला. बायको एवढ्या शांतपणे बोलली की कोणताही शहाणा नवरा बसतो.

तिने पाणी खळखळून उकळलं, मीठ टाकलं आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवलं. जुन्या धोतराचे तुकडे वेगळे उकळून उन्हात तारेवर टाकले. स्वतःचे हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, माझेही धुवायला लावले. मी म्हटलं, "मी नुसती बघणार आहे." म्हणाली, "बघता बघता बोट लावशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे." तांब्याने ती पाणी सोडत राहिली, ओलं फडकं खपलीवर ठेवत राहिली. चुना सुटायला लागला, पांढरं पाणी बाजेखाली ओघळलं. भूमागौडला धीर निघेना, त्याने खपलीचं टोक नखाने धरलं. तिने फाटकन हातावर मारलं.

"ओढायची नाही. ओढलीस तर तिच्याबरोबर चांगली कातडीही येईल. भिजू दे. तिची जायची वेळ असेल तर ती आपली जाईल."

खपली निम्म्याहून जास्त आपोआप सुटली आणि खालून पू आला. वासाने मी तोंड फिरवलं. भूमागौडने मात्र बघितलं. सगळ्या मांडवाने वाकून वाखाणलेली ती खपली, आणि तिच्याखाली हे.  जी खपली घट्ट होती ती लसुमव्वाने तशीच राहू दिली. उरलेलं साबणाच्या पाण्याने धुतलं, उन्हातलं फडकं सैल बांधलं आणि पायाखाली गोधडीची घडी देऊन पाय उंच केला.

"झालं ना आता?" भूमागौड म्हणाला. "ठणका कमी वाटतोय. संध्याकाळी चढतो."

"तुझी काजळाची डबी दे," ती मला म्हणाली.

लाली जिथे संपत होती तिथे तिने बोटाने काजळाची रेघ ओढली, सगळ्या बाजूंनी. "लाली रेघेच्या आत राहिली तर तू म्हणशील ते. रेघ ओलांडली तर मी म्हणेन ते." तो कबूल झाला. त्याला वाटलं, बायकोच्या काजळाला कोण भितं?

दिवस कलला. चढायची वेळ झाली म्हणून तो उठायला लागला तर अंगात हीव भरलेलं. लसुमव्वाने फडकं बाजूला केलं. काजळ लालीत बुडालं होतं, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूने एक लाल रेघ मांडीकडे निघाली होती. ती मलाही दिसली. मी तेव्हा भ्याले, खोटं कशाला सांगू.

लसुमव्वाने रिक्षावाल्याला निरोप धाडला. मग ती मांडवाच्या खांबाकडे गेली आणि भूमागौडचा मोकू काढून खांद्यावर टाकला. मोकू म्हणजे चढताना कमरेभोवती आणि झाडाभोवती असतो तो दोर. हयात गौडाचा मोकू दुसऱ्याच्या खांद्यावर गेला की तो गौड संपला असं धरतात, आणि बाईच्या खांद्यावर तर तो कधी कोणी पाहिलेला नाही. मांडवात बसलेले द्रोण हातात धरून तसेच राहिले.

"मोकू खाली ठेव," बाजेवरून भूमागौड म्हणाला. "मी अजून मेलो नाही."

"म्हणूनच नेतेय. मेल्यावर तो काटमय्या देवासमोर टांगतात. मला तिथवर जायचं नाही."

"लसुमा, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई वेडी आहे. माझी आई बापाच्या वेळी गप्प राहिली, तिला म्हणाले, बाई गरीब आहे. मला वेडी चालेल."

आणि ती तशी भर गावातून निघाली. मी चूल तशीच सोडून तिच्या मागे. सायागौड अंगणात आंबील पीत होता. बहिणीच्या खांद्यावरचा मोकू त्याला दिसला आणि हातातलं भांडं कलंडलं.

"अक्का, कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. जायच्या आधी आलेय. तुझ्या बावाच्या नडगीत पू झालाय, रेघ वर चढली आहे. मी त्याला दवाखान्यात नेते. त्याची झाडं आज संध्याकाळपासून तू कर."

सायागौड उठून उभा राहिला. "आपल्या बापासारखं?"

"तसंच. फक्त आपण लवकर आहोत."

त्याने मोकूकडे बोट केलं. मग म्हणाला, "हा परत खांबाला नेऊन टांग, मला लागत नाही. माझा आहे." दाराआडून त्याने स्वतःचा दोर उचलला, सुरी कमरेला खोचली आणि निघता निघता वळला. "बावाला सांग, बकरं कापणारा आलाय म्हणावं."

"पातळ तास," ती म्हणाली. "नखाएवढं. तो सुरी टेकवून स्वतःकडे ओढतो, दाबत नाही."

"अक्का, तुला कधीपासून तासता येतं?"

"तीस वर्षं खालून काय आभाळ बघत होते?"

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पाय बघितला आणि आधी काजळाकडे बोट केलं. "ही रेघ कोणी काढली? बरं केलं. किती वेळात पसरली ते कळलं." मग जखम उघडून पू काढला, धुतली, शिरेतून औषध चालू केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि त्याला ठेवून घेतलं. भूमागौडने एकच गोष्ट विचारली, चढायचं कधी. त्या म्हणाल्या, जखम खालून भरत येऊन कातडी मिटेपर्यंत झाडाचं नाव काढायचं नाही, पाय उंच ठेवायचा, रोज पट्टी बदलायची, गोळ्या संपेपर्यंत घ्यायच्या. मधेच पुन्हा ताप आला किंवा लाली पसरली तर त्याच पावली परत यायचं. चुन्याचं ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. लसुमव्वा म्हणाली, "तुम्ही एकदा मांडवात येऊन सांगा. मी सांगते तर थट्टा होते." त्या हो म्हणाल्या, आणि पुढे खरंच आल्या, पण ते असो.

लाल रेघ उतरली, ताप उतरला, आणि त्याला घरी सोडलं. रोग येतो हत्तीच्या पावलाने आणि जातो मुंगीच्या. मधल्या दिवसांत घरात मुंगी सोडून बाकी सगळ्यांची डोकी तापली. ठणका थांबल्याबरोबर भूमागौडने गोळ्या उशीखाली सरकवायला सुरुवात केली. लसुमव्वाने त्या शोधून काढल्या आणि समोर बसून गिळायला लावल्या, तोंड उघडून जीभ वर करायला सांगितली. दुसऱ्यांनी हसून विचारलं की म्हणायची, "पायाला बरं वाटतंय, पण पायाला अक्कल नसते." सायागौडने उतरवलेली ताडी घरी यायची. भूमागौड तिला शिवत नव्हता. द्रोण आला की भिंतीकडे तोंड करायचा. त्याला मनातून खात्री होती की झाडं मिटत चालली आहेत आणि सगळे त्याच्यापासून लपवतायत. ताडी दुसऱ्यांच्या झाडांची आणून दाखवतात, इथपर्यंत त्याची मजल गेली.

जखमेवर नवी, पातळ, कोरडी खपली धरली. आता कडेने लाल नाही, पाणी नाही, दाबलं तर दुखत नाही. लसुमव्वा म्हणाली, हिला म्हणतात खपली. पण आतली कातडी अजून कोवळी होती आणि डॉक्टरबाईंनी चढायला मोकळीक दिलेली नव्हती.

एका सकाळी मी चूल पेटवत होते. बघते तर भूमागौड लंगडत मांडवात आला, खांबावरचा मोकू घेतला आणि सरळ आपल्या झाडांकडे चालू लागला. पट्टी घोट्यावर लोळत होती. मी हाक मारली, त्याने ऐकलं नाही. मी धावत लसुमव्वाला गाठायला निघाले, पण ती समोरूनच येत होती, केस मोकळे, पदर खोचलेला. आम्ही दोघी त्याच्या मागोमाग झाडाखाली पोचलो.

वर सायागौड होता.

"खाली ये," भूमागौड ओरडला. "माझं झाड आहे."

"येतो. सुरी अर्ध्यावर आहे. अर्धवट सोडलं तर तोंड वाकडं होतं, तूच शिकवलंयस."

इतक्या वर्षांनी ते दोघे एकमेकांशी बोलत होते, आणि बोलतायत हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. सायागौडने काम पुरं केलं, मडकं कमरेला लावून उतरला. एक शब्द न बोलता ताडाच्या पानाचा द्रोण दुमडला, भरला आणि पुढे केला. भूमागौडने वर पोयीकडे बघितलं, मग द्रोणाकडे. नाकाशी नेला. प्यायला. पुन्हा वर बघितलं. ताडी त्याच्याच झाडाची होती, हे त्याच्या तोंडावर मला वाचता आलं. झाड जिवंत होतं.

"सगळी चालू आहेत?" त्याने विचारलं.

"सगळी."

"दिवस वर आला. तुझी कधी करतोस?"

सायागौड मडक्यावरची माशी हाकलायला लागला.

"विचारतोय मी. तुझी कधी करतोस?"

"ओढ्याकडची सोडली."

"सोडली म्हणजे?"

"मिटली ती आता. हात दोनच आहेत, बावा. तुझी करून तेवढी होत नव्हती."

लसुमव्वाला हे ठाऊक नव्हतं.  ओढ्याकडची झाडं म्हणजे सायागौडची निम्मी झाडं, निम्मी भाकरी.

"तुला कोणी सांगितलं होतं सोडायला?" भूमागौडचा आवाज चिरकला. "मी तर तुला..."

"कोणी नाही." सायागौड खालीच बघत होता. "बाप खपली घेऊन चढत होता तेव्हा अक्का घरोघर फिरली. एवढी झाडं तुम्ही करा म्हणून पाया पडली. हंगाम होता, कोणाचे हात रिकामे नव्हते. मी लहान होतो, मला चढता येत नव्हतं. मी खाली मडकी धरायचो. त्याच्या पायातलं पाणी वरून माझ्या डोक्यावर पडायचं." त्याने मान वर केली. "आता चढता येतं."

 मी तर रडतच होते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. भूमागौडने खांद्यावरचा मोकू काढून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी स्वतः बसला, पाय लांब करून.

"उद्या येताना आधी घरी ये," तो सायागौडला म्हणाला. "माझी सुरी घेऊन जा. तुझी जाड आहे."

सायागौडने मान हलवली. भूमागौडने बायकोकडे बघितलं, लोळणारी पट्टी उचलून तिच्यापुढे धरली आणि म्हणाला, "सुटलीय. बांध."

लसुमव्वा दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. रडत रडतच म्हणाली, "थांब, आधी मला हात धुऊ दे."